अडकवलेलं प्रथिन परत सुटतं का? सोलापुरातल्या एका एम.एस्सी. प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रातल्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी विषय मागितला तो असा: ताण आला की पेशी आपल्याच केंद्रकात प्रथिनं कशी अडकवून ठेवते. महाविद्यालय, विद्यार्थिनी आणि मार्गदर्शक सर यांची नावं इथे देत नाही. मी त्याच विभागात शिकवते आणि या प्रकल्पाची दुसरी मार्गदर्शक होते. विषय फार मोठा, प्रयोगशाळा साधी, आणि तरीही हातात काहीतरी खरं आलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी विषयाबद्दल, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

केंद्रक म्हटलं की डीएनए भरलेली स्थिर पेटी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तिथली प्रथिनं सतत फिरत असतात. 2000 साली फेअर आणि मिस्टेली यांनी हे सरळ मोजून दाखवलं. प्रथिनाला चमकणारी खूण लावायची, केंद्रकातल्या एका जागी लेझरने ती चमक मारून टाकायची आणि घड्याळ लावून बघत बसायचं. आसपासचे चमकते रेणू आत शिरले की काळा डाग भरून येतो. केंद्रकातल्या बऱ्याच प्रथिनांच्या बाबतीत तो सेकंदांत भरतो. या पद्धतीला फ्रॅप म्हणतात. डाग भरलाच नाही, तर तिथली प्रथिनं हलत नाहीत असं समजायचं.

2005 मध्ये कॅनडातल्या ओटावा इथल्या स्टीफन ली यांच्या गटाला असा न भरणारा डाग व्हीएचएल नावाच्या प्रथिनात दिसला. एचआयएफ हे प्रथिन पेशीला कमी ऑक्सिजनशी जुळवून घ्यायला मदत करतं; ऑक्सिजन पुरेसा असताना ते नष्ट करायला लावणं हे व्हीएचएलचं काम. (एचआयएफ आणि ऑक्सिजनच्या या यंत्रणेला 2019 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.) पेशीभोवतालचं पाणी आम्लधर्मी झालं की व्हीएचएल केंद्रकातल्या केंद्रकीत, म्हणजे न्यूक्लिओलसमध्ये, जाऊन अडकतं. त्यामुळे एचआयएफ वाचतं आणि आपलं काम करू शकतं. आम्लता उतरली की व्हीएचएल सुटतं आणि पुन्हा कामाला लागतं.

त्याला अडकवतं कोण, हे 2012 मध्ये पुढे आलं. न्यूक्लिओलसमध्ये रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, आरएनएची जनुकं एकामागून एक रांगेत असतात. माणसात अशा एका एककाची लांबी साधारण 43 हजार बेस-जोड्यांची. त्यातला जेमतेम 13 हजारांचा भाग रायबोसोमच्या आरएनएसाठी आणि उरलेला सुमारे 30 हजारांचा भाग मधली जागा. या मधल्या जागेला कित्येक वर्षं कुणी विचारत नव्हतं. ताण आला की नेमकी तीच जागा वाचली जाते आणि तिथून निघालेले आरएनए प्रथिनांना धरून ठेवतात. आम्लतेसाठी एका ठिकाणचा आरएनए, उष्णतेसाठी दुसऱ्या ठिकाणचे. आम्लतेचा आरएनए काढून टाकला तर आम्लतेत प्रथिनं अडकत नाहीत, पण उष्णतेत अडकतात. इतकी नेमकी व्यवस्था आहे ही. 2016 मध्ये त्याच गटाने दाखवलं की या अडकलेल्या प्रथिनांची रचना अमायलॉइडसारखी असते. म्हणजे अल्झायमरच्या मेंदूत ज्या प्रकारच्या घट्ट तंतूंचे थर साचतात, त्या प्रकारची. फरक एवढाच, आणि तोच मोठा, की ताण संपल्यावर पेशी एचएसपी-70 सारख्या उष्माघात प्रथिनांच्या मदतीने हे थर उलगडते.

अमायलॉइड म्हणजे रोगच, हा समज आधीच ढिला झाला होता. आज आयआयटी मुंबईत असलेले समीर माजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं होतं की पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथी काही हार्मोन अमायलॉइडच्या रूपात साठवून ठेवते आणि गरज पडली की सोडते.

अडचण

विद्यार्थिनीच्या पहिल्या आराखड्यात एक वाक्य होतं: "उष्णतेमुळे प्रथिने न्यूक्लिओलसमध्ये साचून निकामी होतात." वाक्य वाचायला गुळगुळीत आहे आणि बहुतेक परीक्षकांच्या नजरेतून सुटलं असतं. पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. प्रथिन एका जागी जमा झालं ही एक, ते हलायचं थांबलं ही दुसरी, आणि ते कायमचं बिघडलं ही तिसरी. सूक्ष्मदर्शकाखाली गोळा दिसला तर त्यावरून फक्त पहिली गोष्ट सांगता येते. दुसरीला फ्रॅप लागतं. आणि तिसरीसाठी ताण काढून वाट बघावी लागते. परत सुटलं तर ती साठवण होती. सुटलंच नाही तर मग बिघाडाचा विचार करायचा. आराखड्यात वाट बघण्याचा टप्पाच नव्हता. पेशी तापवायच्या, मारायच्या, रंगवायच्या, बघायच्या, इतकंच होतं.

दुसरी अडचण साधनांची. प्रकाश सूक्ष्मदर्शक, वॉटर बाथ, सूक्ष्मजीवशास्त्र विभागासोबत वाटून घेतलेला बीओडी इन्क्युबेटर (ठरलेलं तापमान टिकवणारं कपाट) आणि रसायनांचं कपाट. फ्रॅपला लागणारा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक नाही, मानवी पेशी वाढवायची सोय नाही.

तिसरी अडचण सोलापूरची हवा. सत्र जानेवारीत सुरू झालं, पण आराखडा मंजूर होईपर्यंत मार्च उजाडला. एप्रिलमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी प्रयोगशाळेतलं साधं नळाचं पाणीही कोमट असतं. उष्णतेचा ताण मोजायच्या प्रयोगात "सामान्य तापमान" म्हणून टेबलावर ठेवलेल्या पेशी आधीच तापलेल्या असतील, तर तुलना कशाशी करायची?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मानवी पेशींचा. मूळ संशोधन त्यांच्यावरच झालं आहे, त्यामुळे तो सगळ्यात थेट. पुण्यातल्या एखाद्या संस्थेला विचारावं, असं मार्गदर्शक सरांच्या मनात होतं. पण एका सत्रात परवानगी, प्रशिक्षण आणि यंत्राची वेळ, हे सगळं जुळणं अवघड. जुळलं असतं तरी विद्यार्थिनी दुसऱ्याच्या प्रयोगाला हातभार लावून परत आली असती, असं मला वाटत होतं. तिला स्वतः निर्णय घ्यायला मिळावेत, हा माझा आग्रह होता.

दुसरा पर्याय यीस्टचा. यीस्टचा न्यूक्लिओलस प्रथिनं अडकवतो हे पक्कं माहीत आहे. सीडीसी-14 हे प्रथिन तिथे नेट-1 या प्रथिनाला धरून बसतं आणि पेशीविभाजनाच्या शेवटी सुटतं. 1999 मध्ये दोन गटांनी हे दाखवलं. पण यीस्टचा न्यूक्लिओलस आमच्या सूक्ष्मदर्शकाच्या क्षमतेच्या काठावर येतो आणि चमकणाऱ्या प्रथिनाचा वाण व तो बघण्याची सोय, दोन्ही आमच्याकडे नव्हतं.

तिसरा पर्याय कांद्याच्या मुळांचा. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याला तोटा नाही. मुळाच्या टोकाच्या पेशी मोठ्या, केंद्रक ठळक, आणि चांदीच्या रंगाने न्यूक्लिओलस उठून दिसतो. मोठी उणीव एकच, आणि ती पहिल्याच दिवशी लिहून ठेवली: मानवी पेशीतले हे अमायलॉइड थर कांद्यातही असतात असं आपण धरून चालू शकत नाही.

चौथा पर्याय प्रयोग न करता फक्त वाचनावर प्रबंध लिहायचा. त्यात काही कमीपणा नाही. पण विद्यार्थिनीला हात चालवायचे होते आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

शेवटी कांदा ठरला. कारण सोपं: इथे ताण देणं, काढणं, पुन्हा देणं तिच्या हातात होतं. फ्रॅपचा प्रश्न सुटत नव्हता, पण परत येण्याचा प्रश्न विचारता येत होता.

रंगाचा निर्णय

हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण इथे प्रकल्प वाचला.

अमायलॉइड दाखवायचा म्हणजे काँगो रेड, असं कुठल्याही पुस्तकात सापडतं. 1922 मध्ये बेनहोल्ड यांनी तो अमायलॉइडसाठी वापरला; पुढे ध्रुवीकृत प्रकाशातली त्याची हिरवी चमक ही अमायलॉइडची ओळखच झाली. बाटली कपाटात होतीच. आराखड्यातही काँगो रेडच होता.

विद्यार्थिनीचे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या सुताच्या डाईंगमध्ये काम करतात. तिने घरी रंगाचं नाव सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ते जुनं डायरेक्ट कलर गं. सुताला काही न लावता धरतं." दुसऱ्या दिवशी तिने हे मला सांगितलं आणि लगेच विचारलं, "मॅडम, सूत म्हणजे सेल्युलोज, आणि कांद्याच्या पेशीची भिंतही सेल्युलोजच. मग तो आत जाईल का भिंतीलाच बसेल?"

अगदी बरोबर. काँगो रेड 1883 मध्ये जर्मनीत पॉल ब्योटिगर यांनी तयार केला, तो कापडासाठीच. कसलाही मध्यस्थ न लावता कापसाला धरणारा तो पहिला कृत्रिम रंग. वनस्पतीच्या पेशीत तो आधी भिंत पकडणार. त्यात सेल्युलोज स्वतःच ध्रुवीकृत प्रकाशात चमकतो, म्हणजे स्लाइडवर चमक दिसली असती आणि ती कशाची हे कुणालाच सांगता आलं नसतं. मानवी किंवा प्राण्यांच्या ऊतींसाठी उत्तम असलेला रंग इथे फसवणारा होता. शिवाय तो बेंझिडीनवर आधारलेला आहे. बेंझिडीन कर्करोगकारक आहे आणि म्हणूनच असे रंग आपल्याकडे कापडउद्योगातून बंद झाले. विद्यार्थ्यांच्या हातात देण्याआधी हे सांगितलंच पाहिजे.

काँगो रेड वगळला. त्याबरोबर "अमायलॉइड" हा शब्दही प्रकल्पाच्या शीर्षकातून काढला. सर थोडे नाराज झाले, कारण शीर्षक त्यामुळे साधं दिसत होतं. "शीर्षकात जे दाखवता येतं तेवढंच ठेवू," असं मी म्हटलं आणि त्यांनी ते मान्य केलं.

काय केलं

लहान कांदे निवडले, बुडाची वाळलेली मुळं खरवडली आणि कांदे पाण्याच्या भांड्यांवर बसवले. नियंत्रणाची, म्हणजे तुलनेसाठी न तापवलेली, भांडी 25 अंशांवर बीओडी इन्क्युबेटरमध्ये ठेवायची असं ठरलं. त्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागप्रमुखांकडून एक कप्पा मागून घेतला. त्यांच्या संवर्धनांना धक्का लागू नये म्हणून दार उघडण्याच्या वेळा वहीत लिहून दाराला चिकटवल्या. वीज जाण्याचा धोका असल्याने तापमानाची नोंद हातानेही ठेवली.

गट चार केले. एक 25 अंशांवरचा. दुसरा 42 अंशांच्या वॉटर बाथमध्ये थोडा वेळ. तिसरा तसाच तापवून पुन्हा 25 अंशांवर काही तास सोडलेला. चौथा बराच वेळ तापवून मग तसाच सोडलेला. हा चौथा गट 2019 च्या एका शोधामुळे आला. जर्मनीतल्या मार्टिनस्रीड इथल्या हार्टल आणि हिप यांच्या गटाने दाखवलं होतं की उष्णतेत घडी बिघडलेली प्रथिनं न्यूक्लिओलसच्या द्रवासारख्या भागात आसरा घेतात. ताण लवकर संपला तर एचएसपी-70 त्यांना बाहेर काढून सरळ करतं. ताण लांबला तर तोच भाग घट्ट होत जातो आणि परतीची वाट बंद होते. म्हणजे साठवण आणि बिघाड यांच्यातला फरक काही अंशी वेळेचा आहे. तो वेळ प्रयोगात आणायचा तर लांब ताणाचा गट हवाच होता.

एक बारीक गोष्ट विद्यार्थिनीच्याच लक्षात आली. वॉटर बाथ एका खोलीत, फिक्सेटिव्हची (पेशी आहे त्या स्थितीत टिकवणाऱ्या द्रवाची) बाटली दुसऱ्या खोलीत. मुळं कापून बोळ ओलांडेपर्यंत ती थंड होणार, म्हणजे परतीचा प्रवास सुरू झालेलाच. तिने अल्कोहोल आणि अॅसिटिक आम्लाची बाटली वॉटर बाथच्या शेजारी आणून ठेवली आणि मुळं पाण्यातून काढताक्षणी त्यात टाकली.

रंगासाठी चांदीची पद्धत घेतली. जिलेटिनचं विरळ द्रावण, त्यात फॉर्मिक आम्लाचे थेंब, आणि दुप्पट सिल्व्हर नायट्रेट. मिश्रण स्लाइडवर टाकून ती 70 अंशांच्या तापत्या पट्टीवर ठेवायची आणि नजर हटवायची नाही. द्रव आधी पिवळसर होतो, मग सोनेरी, मग तपकिरीकडे झुकतो. सोनेरी असतानाच धुतलं तर केंद्रक फिकट पिवळं आणि त्यात न्यूक्लिओलस गडद तपकिरी ठिपका. थोडा उशीर झाला की सगळीच स्लाइड काळी. सुरुवातीच्या बऱ्याच स्लाइड अशा गेल्या आणि तिची बोटं आठवडाभर काळी होती. हा रंग न्यूक्लिओलसमधल्या काही ठरावीक आम्लधर्मी प्रथिनांना बसतो, अडकलेल्या प्रथिनांना नाही, हे तिने वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

स्लाइडवर गटाचं नाव न लिहिता फक्त आकडा टाकला आणि यादी माझ्याकडे ठेवली. कुठली स्लाइड कुठल्या गटाची हे न कळता तिने न्यूक्लिओलसचा आकार आणि कडा नोंदवल्या.

परिणाम

25 अंशांच्या गटात न्यूक्लिओलस गोल, घट्ट, कडा स्पष्ट. थोडा वेळ तापवलेल्या गटात कडा विसविशीत आणि रंग एकसारखा न बसता ठिपक्याठिपक्यांचा. पुन्हा थंडाव्यात सोडलेल्या गटात बहुतेक पेशींत कडा परत स्पष्ट झाल्या, पण सगळ्यांत नाही; एकाच मुळात शेजारशेजारच्या पेशी वेगळ्या दिसत होत्या. लांब ताणाच्या गटात परतीचं चिन्ह नव्हतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांवर प्रबंधात तिने एवढंच म्हटलं: उष्णतेने कांद्याच्या मुळातल्या न्यूक्लिओलसचं रूप बदलतं आणि ताण अल्प असेल तर ते बऱ्याच अंशी परत येतं. कुठलं प्रथिन अडकलं, ते हलायचं थांबलं का, अमायलॉइड बनला का, यातलं काहीही या प्रयोगातून सांगता येत नाही, असं एक स्वतंत्र परिच्छेद करून लिहिलं. "साचून निकामी होतात" हे वाक्य गेलं.

चौथ्या गटावर वाद झाला. सरांचं म्हणणं, परत आलं नाही म्हणजे न्यूक्लिओलस घट्ट झाला, 2019 च्या शोधाशी जुळतं. विद्यार्थिनीने ते मानलं नाही. तिचा मुद्दा असा की मुळं मेलेलीही असू शकतात. मेलेल्या पेशीत काहीच परत येणार नाही. "सर, चाळीतला कांदा कोंब काढत नाही तोवर तो झोपलेला आहे का सडलेला, हे वरून कळत नाही," असं ती म्हणाली. सर हसले आणि चौथ्या गटाचा निष्कर्ष अनिर्णित ठेवला गेला. मला या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा क्षण तो वाटतो.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे सगळं शेवटी अल्झायमरचंच ना?" तिने पियुषिका ग्रंथीतल्या हार्मोनचं उदाहरण दिलं, मग व्हीएचएलचं, आणि म्हणाली की रचना सारखी असली तरी इथे पेशीकडे उलगडायची यंत्रणा आहे. परीक्षकांनी पुढे विचारलं, "मग रोगात ती यंत्रणा का चालत नाही?" तिने सांगितलं की याचं उत्तर आपल्या प्रयोगातून मिळत नाही. गुण चांगले मिळाले.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी वेळ. हा प्रयोग गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीत सुरू व्हायला हवा. तेव्हा इथली हवा स्वतःच 25 अंशांच्या आसपास असते आणि इन्क्युबेटरच्या कप्प्यासाठी ओढाताण होत नाही. आराखड्याची मंजुरी आधीच्या सत्रातच घेणं महाविद्यालयाच्या हातात आहे.

दुसरं, जिवंतपणाची चाचणी. इव्हान्स ब्लू हा रंग मेलेल्या पेशीत शिरतो आणि जिवंत पेशी त्याला बाहेर ठेवते. प्रत्येक गटातल्या काही मुळांना फिक्सेटिव्हमध्ये टाकण्याआधी तो दिला असता तर चौथ्या गटाचा वाद स्लाइडवरच मिटला असता. खर्च नगण्य.

तिसरं, परतीच्या वेळा. ताण काढल्यानंतर एकाच वेळी न बघता अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि रात्रभराने बघायला हवं. शेजारच्या दोन पेशी वेगळ्या दिसल्या त्या मंद-जलद होत्या म्हणून, की एक परत येणारच नव्हती, हे तेव्हाच कळलं असतं.

चौथ्या मुद्द्यावर सरांचं आणि माझं अजून एकमत नाही. काँगो रेड वगळला ते योग्यच, पण सर म्हणतात की भिंत काढून टाकलेल्या पेशींवर, म्हणजे प्रोटोप्लास्टवर, तो वापरून बघायला हवा होता. सेल्युलोज खाणारी विकरं मिळतात, हे खरं. माझा आक्षेप असा की भिंत काढणं हाच पेशीवर मोठा ताण आहे, आणि मग उष्णतेचा ताण कुठला आणि भिंत गेल्याचा कुठला, हे वेगळं करता येणार नाही. पुढच्या बॅचच्या एका मुलाने हे करून बघायचं ठरवलं आहे. त्याला दोन्ही बाजू सांगितल्या आहेत आणि न तापवलेल्या प्रोटोप्लास्टचा गट ठेवायलाच लावला आहे.

राहिला फ्रॅपचा प्रश्न. संपूर्ण प्रकल्प दुसऱ्या संस्थेत नेण्यापेक्षा, इथली तयारी पूर्ण करून एका दिवसापुरती कॉन्फोकलची वेळ मागणं जास्त व्यवहार्य आहे. तिथे न्यूक्लिओलसची खूण असलेल्या मानवी पेशी असतील तर डाग भरायला लागणारा वेळ ताणाआधी, 43 अंशांच्या ताणात आणि ताण काढल्यावर, अशा तिन्ही वेळा त्याच पेशीत मोजायचा. विनंतीचं पत्र या तीन मोजण्यांच्या तक्त्यासह तयार आहे.